अठ्ठावन्न जबाब

४ मार्च

वही लिहायची सवय मला नाही. आयुष्यभर जे वाटलं ते उभं राहून बोललो. लिहून घ्यायचं काम दुसऱ्यांचं. पण वकीलबाई म्हणाल्या, "दादा, या महिन्यात काय काय केलंत ते रोज टिपून ठेवा. सुनावणीत विचारतील." म्हणून ही वही.

बॅटरीच्या कारखान्याविरुद्धचा आमचा दावा सतरा वर्षांनी न्यायाधिकरणापुढे उभा राहतोय. २८ तारखेला. कंपनीचं म्हणणं, शिशाच्या भट्टीवर फक्त नऊ माणसं होती. बाकीचे कोण? कुणी माळी, कुणी झाडूवाला, कुणी पहारेकरी. शिशाच्या विषाने ज्यांची मनगटं लोंबली, ती माणसं कंपनीच्या हजेरीपुस्तकात गुलाबांना पाणी घालत होती!

आमच्याकडे अठ्ठावन्न जबाब आहेत. संपाच्या वर्षी संघटनेच्या कचेरीत घेतलेले. मी प्रश्न विचारायचो, टायपिस्टबाई समोर बसून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या. छापलेल्या प्रती सरकारी चौकशी समितीने मागून नेल्या. समिती बरखास्त झाली, कागद कुठे गेले ते विचारायलाही कुणी उरलं नाही. अठ्ठावन्नांपैकी एकतीस जण गेले, उरलेले पांगले, त्यांचे पत्ते नाहीत. टायपिस्टबाई गेल्या. उरला तो कॉम्प्युटर.

आज त्याच्यावरची धूळ झटकून चालू केला. चित्रं नाहीत, काही नाही. काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. टायपिस्टबाई तशाच काम करायच्या. माउस त्यांना खपायचा नाही. "देवाने बोटं दिलीत ती टाइप करायला, टेबल पुसायला नाही," म्हणायच्या.

मी 'नमस्कार' असं टाइप केलं. त्याने इंग्रजीत कळवलं की असा हुकूम त्याला माहीत नाही. हुकूम! म्हणजे इथेही मालकाचीच भाषा.

५ मार्च

मुलीला बोलावलं. ती कॉम्प्युटरचं कामच करते; मोठमोठ्या कचेऱ्यांची यंत्रं सांभाळणाऱ्या एका फर्ममध्ये आहे. यंत्रासमोर बसली, दोन बोटं चालवली आणि म्हणाली, "सगळे आहेत बाबा. 'जबाब' नावाच्या कप्प्यात अठ्ठावन्न फायली. साधा मजकूर आहे. अर्ध्या तासात पेन ड्राइव्हवर काढून देते."

"तू हात लावायचा नाहीस."

"का?"

"तुझा पगार कुठून येतो?"

तिने हात कीबोर्डवरून काढले. "आमच्याकडे चाळीस गिऱ्हाइकं आहेत. तो कारखाना त्यातलं एक."

"एक पुरतं."

"बरं. मग मी मागे उभी राहते, तुम्ही करा."

"उभंही राहायचं नाही. उद्या त्यांचा वकील विचारेल, खोलीत कोण होतं? मला कागदावर लिहून दे. तुरुंगात मी दोन भाषा शिकलो. ही तिसरी."

"ही आवडेल तुम्हाला," ती उठत म्हणाली. "नुसते हुकूम सोडायचे. समोरून उलट उत्तर नाही."

तोंडाळ आहे. माझ्यावर गेली आहे.

७ मार्च

कागद आला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, तिच्या त्या मुंगीच्या अक्षरात. शाळेत असताना तिचं अक्षर मोठं होतं असं वाटतं. नक्की सांगता येत नाही, त्या वर्षांत मी बाहेरच असायचो.

सुरुवातच अशी: "बाबा, कुठलाही हुकूम देण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते विचारा. पीडब्ल्यूडी टाइप केलं की यंत्र सांगतं. आपण कुठल्या कप्प्यात आहोत यावर हुकुमाचा अर्थ बदलतो." मी वाचून हसलो. मी कुठे उभा आहे हे मला पन्नास वर्षं माहीत आहे, पोरी. तुझं बघ.

मग एलएस, म्हणजे आजूबाजूला काय काय आहे ते बघणं. "प्रत्येक कामाआधी आणि नंतर," याच्याखाली दोन रेघा. सीडी म्हणजे कप्प्याच्या आत जाणं. एमकेडीआयआर म्हणजे नवा कप्पा तयार करणं. सीपी म्हणजे नक्कल काढणं, एमव्ही म्हणजे उचलून हलवणं. "तुम्ही सीपीच वापरा. मूळ आहे तिथे राहू दे."

टॅबचं बटण: नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून ते दाबलं की उरलेलं नाव यंत्र स्वतः पुरं करतं. चांदणीची खूण: ती लिहिली की 'सगळे' असा अर्थ होतो. एका ओळीत अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न.

इथे मी कागद खाली ठेवला. चांदणी! ज्या कारखान्याने माणसांना 'इतर' या एका शब्दात गुंडाळलं, त्यांचे जबाब मी एका चांदणीने हाकू? गुरं आहेत का ती? मी प्रत्येकाचं नाव लिहीन. पूर्ण लिहीन, टॅबसुद्धा दाबणार नाही. अर्ध्या नावाने हाक मारायची रीत मुकादमाची.

पुढे आहे की हुकुमाला 'आय' अक्षर जोडलं तर काही पुसलं जाण्याआधी यंत्र विचारतं, खात्री आहे का? मला आजवर कुणी खात्री विचारलेली नाही.

आणि शेवटी: "इथे कचऱ्याची टोपली नसते. गेलं ते गेलं. आणि यंत्र काहीच बोललं नाही तर समजायचं, तुम्ही सांगितलेलं त्याने केलं. तुमच्या मनात होतं ते केलं असेलच असं नाही."

हे शेवटचं वाक्य उगाच टोचून लिहिलंय.

११ मार्च

चार दिवस सराव केला. खोटी फाइल बनवली, हलवली, नाव बदललं, पुसली. हात बसला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे शिकावं याचं कचेरीतल्या कुणालाच कौतुक नाही.

चिटणीस डोकावून गेला. माझ्यानंतर संघटना त्याच्या हातात आहे, आणि आता तो ही जागा विकायला निघालाय.

"दादा, हे धूड कधी हलवताय? सोमवारी गिऱ्हाईक जागा बघायला येतंय."

"या धुडात अठ्ठावन्न माणसं आहेत."

"हो, हो. पण ती टेबलाखाली ठेवली तर नाही का चालणार?"

हा माणूस कारखान्याच्या व्यवस्थापकाबरोबर जेवतो, असं मला दोघांनी सांगितलंय. म्हणून ठरवलं. नक्कल काढून मूळ इथे सोडायचं नाही. मुलगी काहीही म्हणो, एमव्ही. एकही जबाब या खोलीत मागे राहता कामा नये.

१३ मार्च

वहिनी आल्या. यांचा नवरा अकरा वर्षं भट्टीवर होता आणि कंपनीच्या कागदावर फाटकावरचा पहारेकरी आहे. शेवटी त्याला पेला धरता येत नव्हता. बाकीच्यांची नावं निदान एकमेकांच्या जबाबांत येतात, असं वकीलबाई म्हणतात. हा बिचारा एकटाच पहाटेच्या पाळीला असायचा. त्याचा स्वतःचा जबाब सोडला तर त्याला भट्टीपाशी उभं करणारं जगात काही नाही. वहिनींचा दावा त्या एका फायलीवर टांगलेला आहे.

"सापडला ना दादा?"

"सापडला. पेटीत घालून वकीलबाईंच्या हातात देतो."

"जबाब देऊन आले त्या दिवशी घरी सांगत होते," त्या म्हणाल्या, "आज सगळं सांगून टाकलं. भट्टीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, राख कुठल्या फावड्याने काढतात, मुकादम काय..."

"वहिनी," मी म्हणालो, "ही एका दाराची, एका फावड्याची गोष्ट नाही. ज्या दिवशी कामगाराने तोंड उघडलं त्या दिवशी भट्टीची भिंत पडली. आता न्यायाधिकरणाने फक्त ढिगारा बघायचाय!"

त्या ऐकत राहिल्या. मग पिशवी उचलून म्हणाल्या, "बरं दादा. येते." डोळे भरले होते. बोलण्यात अजून तेवढा जोर आहे तर.

१६ मार्च

आजचा दिवस मोठा.

सकाळी आठला कचेरीत गेलो, दाराला आतून कडी घातली. यंत्र चालू केल्याबरोबर आधी पेटी बनवली: एमकेडीआयआर, पेटी. कुरकुर नाही. मग 'जबाब' कप्प्यात शिरलो. एलएस. अठ्ठावन्न नावं पडद्यावर ओळीने उभी राहिली. टायपिस्टबाईंनी फायलींना इंग्रजी अक्षरांत नावं दिली होती, पण नावं कामगारांनी एकमेकांना ठेवलेली: भोंगा, लंगडा सुतार, मास्तर, दोन नंबरचा मामा. मी सगळी कागदावर उतरवून घेतली.

मग एकेक. एमव्ही, नाव, पेटी. नाव टाइप करण्याआधी मोठ्याने उच्चारायचं, मग अक्षर न् अक्षर लिहायचं, मग कागदावर खूण. यंत्र काही बोलायचं नाही. रेघ खाली सरकायची आणि पुढच्याची वाट बघत लुकलुकायची. सभेत मी घोषणा दिली की हजार गळ्यांतून उत्तर यायचं. इथे शांतता हेच उत्तर. पहिल्या दहा-बारा नावांपर्यंत ती बोचली. मग तिचंच बळ वाटायला लागलं. लंगड्या सुताराच्या वेळी माझा हात थांबला, त्याच्या अंत्ययात्रेत मी बोललो होतो. वहिनींच्या नवऱ्याचं नाव एकोणिसावं. ते लिहिताना उभा राहिलो.

दोन वाजता मी एकटा उरलो. संपाच्या वर्षी मीही जबाब दिला होता, अध्यक्ष म्हणून. तो मुद्दाम मागे ठेवला होता. पुढाऱ्याने सर्वांत शेवटी आत जावं. हलवण्याआधी उघडून वाचला. काय भाषा होती माझी तेव्हा! मग एमव्ही, अध्यक्ष, पेटी.

मुलीच्या समाधानासाठी शेवटी एलएस मारलं. सकाळी जिथे अठ्ठावन्न नावं होती तिथे फक्त एकच शब्द: पेटी. सगळे आत गेले.

सहा तास. तिच्या चांदणीने एक क्षण लागला असता. पण हे सहा तास त्यांचे होते, आणि ते त्यांना कुणीतरी द्यायला हवे होते.

१७ मार्च

पेटी पेन ड्राइव्हवर चढवायची होती. पेन ड्राइव्ह माझ्या सत्काराच्या वेळी मिळालेला, त्यात माझ्या भाषणांची चित्रमुद्रणं ठासून भरलेली. नवा आणायला पुन्हा बाजारात कोण जाणार? भाषणं हलवून यंत्रावर टाकली. तासभर घरघर चालली होती आत, यंत्र अगदी भरत आलं. मग पेटीची नक्कल पेन ड्राइव्हवर. चुटकीसरशी गेली, शब्दांना वजन कुठलं! आवाज नाही, तक्रार नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन. "झालं का बाबा? मध्ये मध्ये एलएस करून बघितलंत ना?"

"बघितलं. तुझ्या फर्मला कळव, म्हातारा शिकला."

ती हसली. "येऊ का उद्या बरोबर वकीलबाईंकडे?"

म्हटलं, नको.

१८ मार्च

लिहायचं आहे. लिहितो.

वकीलबाईंच्या कचेरीत वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. बाहेरच्या बाकावर दुसऱ्या कुठल्या दाव्याची चार माणसं होती, त्यांना मी दहा मिनिटं आमचा लढा सांगितला. मग आत जाऊन पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. म्हणालो, "घ्या. अठ्ठावन्न माणसं."

वकीलबाईंनी तो लावला. पडद्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"दादा, 'पेटी' आहे. पण रिकामी आहे."

"नीट उघडा."

"उघडलीय."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, तुमच्या यंत्रात दोष असेल. दुसऱ्या यंत्रावर लावला. रिकामी. मी तसाच कचेरीत गेलो. यंत्र चालू केल्यावर जी पेटी समोर येते ती बघितली. रिकामी. 'जबाब' कप्प्यात गेलो. तिथे दुसरी पेटी. पण तो कप्पा नव्हता. फाइल होती. उघडली.

आत माझा जबाब.

मुलीला फोन केला. म्हटलं, ये. हात लाव.

२१ मार्च

तीन दिवस ती रजा काढून बसली. उंच स्टुलावर, पाठ वाकवून. मी मागे उभा. आज दुपारी तिने सगळं सांगितलं, अगदी सावकाश, पोराला सांगावं तसं.

पेटी मी घरच्या कप्प्यात बनवली आणि मग 'जबाब'च्या आत गेलो. तिथे पेटी नव्हतीच. नसलेल्या ठिकाणी एकच फाइल हलवायला सांगितली की यंत्र समजतं, या फायलीचं नाव बदलायचंय. पहिल्या जबाबाचं नाव 'पेटी' झालं. दुसरा हलवला, त्याचं नाव 'पेटी' झालं आणि पहिला पुसला गेला. तिसऱ्याने दुसरा पुसला. असे अठ्ठावन्न.

"आणि बोललं नाही ते!"

"कशाला बोलेल? तुम्ही सांगितलं, त्याने केलं."

"तुझी चांदणी वापरली असती तर?"

ती परत पडद्याकडे वळली.

"सांग."

"तर अडलं असतं, बाबा. अठ्ठावन्न फायली एका नावात बसत नाहीत. यंत्र म्हणालं असतं, पेटी नावाचा कप्पाच नाही. एकही फाइल हलली नसती."

म्हणजे त्यांना गुराढोरांसारखं एका खुणेत हाकलं असतं तर ते वाचले असते. मी एकेकाला नाव घेऊन बोलावलं आणि पुढचा आत शिरताना आधीचा मारला. मोठ्याने उच्चार करून. कागदावर खूण करून.

"पुसलेलं कधी कधी परत काढता येतं," ती म्हणाली. "नुसतं नाव गेलेलं असतं, मजकूर यंत्रातल्या तबकडीवर पडून असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही सतरा तारखेला काय चढवलंत यावर?"

मी सांगितलं.

तीन दिवसांत सहा ओळी निघाल्या. कुणाच्या ते माहीत नाही. "मास्क मागितला तर मुकादम म्हणाला, तुझ्या तोंडाला" आणि पुढे माझ्या भाषणाचा कचरा.

२३ मार्च

चिटणीस घरी आला. दार लावून घेतलं. आवाज खाली.

"दादा, झालं ते वाईट झालं. पण यात एक वाट आहे. यंत्र शिकवायला कोण आलं? तीन दिवस यंत्रावर कोण बसलं होतं? जिच्या फर्मला कारखान्याचं काम आहे ती. मी काही म्हणत नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. तारखा सांगायच्या. बाकी न्यायाधिकरण काय ते समजेल."

"ती माझी मुलगी आहे."

"म्हणूनच विश्वास बसेल."

मी त्याला हाकलला. मग वकीलबाईंना फोन केला. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण केला. विचारलं, पुरावा दुसऱ्या बाजूने नष्ट केला असं दिसलं तर?

त्यांनी मोजून शब्द टाकले. "तर जबाबांत आपण म्हणतो तेच होतं, असं न्यायाधिकरण धरून चालू शकतं. वहिनींचा दावा टिकू शकतो. पण ते खरं असावं लागेल, दादा. मला तसं काही सांगायचं असेल तर शपथेवर सांगा. आणि तसं नसेल तर हा फोन आला नव्हता."

२४ मार्च

वहिनींना कुणीतरी सांगितलंय. चिटणीसच असणार. सकाळी दारात उभ्या.

"दादा, कंपनीच्या माणसांनीच पुसलं म्हणतात. तसं असेल का हो?"

कसल्या आशेने विचारलं त्यांनी.  मी म्हणालो, बघतो.

दुपारी मुलीला सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती भांडी विसळत होती, विसळतच राहिली.

"सांगा ना मग तसं," म्हणाली. "माझी नोकरी जाईल, कदाचित खटला होईल. पण वहिनींना मिळेल, त्यांच्यामागून बाकीच्यांना मिळेल. एकाने सोसायचं, अनेकांसाठी. लहानपणापासून ऐकतेय, पाठ आहे मला."

"पोरी, टोमणे नको."

"टोमणा नाही बाबा. आजवर दर वेळी तो एक कोण होता? आई. नाहीतर मी. एवढंच की तुम्हाला आत्ता पहिल्यांदा दिसलं."

मी उत्तराला तोंड उघडलं. तिने नळ मोठा केला.

२५ मार्च

वकीलबाई म्हणाल्या, निदान आठवणीने लिहा. ज्याने जबाब घेतले त्याची आठवणही काहीतरी मोलाची असते. कोण काय म्हणालं, जेवढं आठवेल तेवढं.

सकाळपासून बसलोय. कोऱ्या कागदावर वर नाव, खाली जागा. भोंग्याच्या पानावर लिहिलं, त्याचा आवाज मोठा होता. मास्तरच्या पानावर, तो चांगला कार्यकर्ता होता. लंगड्या सुताराच्या पानावर माझं अंत्ययात्रेतलं भाषण आलं, सबंध, स्वल्पविरामासकट. वहिनींच्या नवऱ्याचं पान कोरं आहे. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, हे आठवतं. टोपी गुडघ्यावर. तो बोलत होता, टायपिस्टबाई टाइप करत होत्या, आणि मी समोर बसून संध्याकाळच्या सभेचे मुद्दे काढत होतो. त्या सभेत मी काय बोललो ते आत्ता सांगू शकतो.

सत्तावन्न पानं. लिहिण्यासारखी झाली तीन.

२८ मार्च

कंपनीचा वकील तरुण होता, नम्र. एकदाही आवाज चढवला नाही.

"जबाबांच्या फायली आज उपलब्ध नाहीत?"

"नाहीत."

"कुणी नष्ट केल्या?"

सभागृहात माझी माणसं होती. चिटणीस पुढच्या बाकावर. वहिनी त्याच्या शेजारी, पदर मुठीत. मुलगी सर्वांत मागे. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. हा क्षण माझ्या ओळखीचा होता. असे क्षण मी शेकडो वेळा पेलले आहेत. शब्द घशाशी येऊन उभे होते, कारस्थान, विकली गेलेली माणसं, सगळे तयार. आवाज कुठे खाली घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं.

"मी," म्हणालो.

"चुकून?"

"हो."

"कुणाची मदत? कुणाचा हात?"

"कुणाचा नाही. मुलीने नीट लिहून दिलं होतं. मी ऐकलं नाही."

तत्त्वासाठी बोललो असं लिहावंसं वाटतंय, पण ते मला माहीत नाही. वहिनींचा नवरा की माझी मुलगी, एवढाच तो प्रश्न होता, आणि मुलगी डोळ्यांसमोर होती.

मग त्याने वहिनींच्या नवऱ्याबद्दल विचारलं. "भट्टीवर होता असं आपण म्हणता. आपण पाहिलंत?"

"मला कारखान्यात बंदी होती."

"मग त्याने आपल्याला सांगितलं. काय सांगितलं? काम कसं होतं, कुठल्या बाजूने, कशाने?"

"आठवत नाही."

"एखादी गोष्ट?"

"आठवत नाही."

"आभारी आहे," तो म्हणाला. खरंच आभारी होता.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी थांबल्या होत्या. मला वाटलं रडतील, शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले तेव्हा सांगत होते, अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं म्हणून. किती बरं वाटलं होतं त्यांना."

१४ एप्रिल

निकाल आला. नऊ जणांचे दावे मान्य, ज्यांची नावं कंपनीनेच दिली होती त्यांचे. बाकीचे फेटाळले. निकालपत्रात माझ्या जबाबाचा उल्लेख आहे, कारण दाखल करण्यासारखा तोच एक उरला होता. "संघटनेच्या अध्यक्षांचा जबाब प्रभावी भाषेत असला तरी त्यात एकाही कामगाराच्या कामाचं स्वरूप, पाळी किंवा ठिकाण नमूद नाही."

मुलगी सकाळी फोन करून म्हणाली, जेवलात का?  म्हटलं, हो.

दुपारी वहिनी आल्या. आत यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "जो एक उरला तो मला वाचायचाय." मी जबाबाचा छापील कागद आणून दिला. दोन पानं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. मी तोपर्यंत चौकट धरून उभा होतो. वाचून झाल्यावर पहिलं पान परत वर घेतलं, पुन्हा शोधलं, आणि कागद माझ्यापुढे धरला.

"दादा, यात ते कुठे आहेत?"

मी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पहिल्याच ओळीतल्या 'आम्ही' या शब्दावर बोट ठेवलं.

वहिनींनी तो शब्द वाचला. मग माझ्या बोटाकडे बघितलं. मी बोट उचललं.